मे महिन्यातच पाऊस लागला तर बाल्कनीतल्या खताचे काय करावे?

कर्वेनगर_चौथा_मजला:
नमस्कार. २०२५ साली पुण्यात मोसमी पाऊस २६ मे रोजीच दाखल झाला आणि त्याआधीचेही बरेच दिवस अवकाळी पावसातच गेले. तीन दिवस गहू भिजवून काढलेल्या चिकाच्या कुरडया गच्चीवरून घाईने खाली आणून पंख्याखाली पसरल्या, तरी त्यांना बुरशी आलीच. त्याचे दुःख गिळले. परंतु बाल्कनीत ओल्या कचऱ्याचे खत करण्याचा जो उद्योग मी मोठ्या हौसेने सुरू केला होता, त्याचीही त्याच आठवड्यात दैना झाली. आंब्याच्या साली आणि कोयींनी भरलेल्या बादलीत चिखल झाला, आंबूस वास शेजाऱ्यांपर्यंत पोहोचला आणि झाकण उघडले की आत अळ्या वळवळताना दिसू लागल्या. कचरा न्यायला येणाऱ्या ताईंकडे सगळे देऊन मोकळी हो, असे सासूबाई सांगत होत्या आणि शेवटी मी तेच केले. आता पुन्हा सुरुवात करायची आहे. हवेचा भरवसा नसताना हे कसे सांभाळावे?

खतवाला_सहकारनगर:
ताई, दोष पावसाचा कमी आणि आमरसाचा जास्त आहे. ओल्या कचऱ्यात नत्र आणि पाणी भरपूर असते, कर्ब कमी पडतो. साधारण तीस भाग कर्बाला एक भाग नत्र असे प्रमाण राहिले तर जिवाणू नीट काम करतात. हवा आत शिरेनाशी झाली की कुजण्याऐवजी सडणे सुरू होते आणि वास येतो तो त्याचाच. त्यामुळे ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर तेवढाच, किंबहुना थोडा अधिक, वाळलेला पालापाचोळा किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घालावे, तळाला भोके ठेवावीत आणि तीन-चार दिवसांनी काठीने ढवळावे. मूठभर मिश्रण घट्ट दाबून पाहावे: बोटांतून पाणी गळले तर ओल जास्त आहे, गोळा झाला आणि एखादाच थेंब दिसला तर बरोबर आहे. आंब्याच्या कोयी मात्र बादलीत घालूच नयेत. वर्षभराने त्या जशाच्या तशा हाती लागतात, हा स्वानुभव आहे.

जुना_पेठकर:
खरी मेख पालापाचोळ्यात आहे. पिंपळाची पाने फेब्रुवारी-मार्चमध्ये गळतात, आणि आपल्याकडे ती रस्त्याच्या कडेला ढीग करून पेटवून देतात, हे पाहून दरवर्षी माझा संताप होतो. तेव्हाच दोन पोती भरून जिन्याखाली ठेवावीत, म्हणजे मे महिन्यात पाऊस कोसळला तरी कोरडा माल हाताशी राहतो. ऐन पावसात वाळलेले पान शोधायला निघालात तर मिळणार नाही. हाच न्याय वाळवणालाही लावावा. आमच्या घरी कुरडया आता मार्चअखेरीस उरकतात. अळ्यांचे म्हणाल, तर चपट्या, तपकिरी आणि खंडाखंडांच्या असतील तर त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असाव्यात. त्या कचरा झपाट्याने फस्त करतात आणि चावत नाहीत. दिसायला किळसवाण्या आहेत, एवढाच त्यांचा अपराध.

शंकेखोर:
सगळे मान्य आहे, पण एका बादलीने हवामान थोडेच सुधारणार?

खतवाला_सहकारनगर:
पाऊस वेळेवर यावा म्हणून कोणी बादली भरत नाही, साहेब. ओला कचरा डेपोच्या ढिगाऱ्यात हवेविना दबून सडला की त्यातून मिथेन निघतो, आणि वीस वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट उष्णता धरून ठेवतो. शिवाय डेपोलगतच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी आपला कचरा किती वर्षे सोसला, हे पुणेकराला वेगळे सांगायला नको.

कर्वेनगर_चौथा_मजला:
सर्वांचे आभार. काका, आमच्या अळ्या तपकिरीच होत्या, म्हणजे मी उगाचच त्यांना हाकलले. सोसायटीच्या माळीदादांना पाने न जाळण्याची विनंती केली आहे. त्यांनी एक पोते आणून दिले, आणि ते जिन्याखाली ठेवण्यावरून आता अध्यक्षांशी बोलणी सुरू आहेत.