हिरडीला इजा न करता तिची कड कशी स्वच्छ करावी?

प्रश्न
दातांचा दर्शनी भाग स्वच्छ असला तरी हिरडीच्या कडेला प्लाक (जंतूंचा चिकट थर) साचत असल्याचे दंतवैद्यांनी सांगितले. शिवाय वरच्या सुळ्यांपाशी हिरडी मागे सरकू लागली आहे. ब्रश कडेपर्यंत नेला की रक्त येते, न नेल्यास किटण धरते. अशा वेळी नेमके काय करावे?

उत्तर १
दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा ब्रश आडवा आणि जोरात घासण्याच्या सवयीत असावे. सुळे जबड्याच्या वळणावर पुढे आलेले असल्याने अशा घासण्याचा मार त्यांच्या हिरडीला अधिक बसतो, आणि दात व हिरडी यांच्यामधली खाच, जी निरोगी अवस्थेतही एक ते तीन मिलिमीटर खोल असते, ती मात्र अस्वच्छच राहते. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील डॉ. चार्ल्स बास यांनी मांडलेली पद्धत याच खाचेसाठी आहे. मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी ४५ अंशांत टेकवावा, दोन-तीन दातांपुरता जागच्या जागी अगदी हलका थरथरवावा आणि मग दाताच्या टोकाकडे फिरवून पुढे सरकावे. ब्रश मुठीत न धरता लेखणीसारखा बोटांत धरल्यास जोर आपोआप कमी होतो. दातांच्या आतील बाजूही याच रीतीने घासाव्यात. तिकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते.

उत्तर २
रक्त येते म्हणून कड टाळू नये, कारण प्लाकमुळे सुजलेली हिरडीच सहसा रक्त देते आणि हळुवार स्वच्छता चालू ठेवल्यास एक-दोन आठवड्यांत ते थांबू लागते. तसे न झाल्यास दंतवैद्यांना पुन्हा दाखवावे. धरलेले किटण ब्रशने निघत नाही, त्यासाठी स्केलिंगच, म्हणजे दंतवैद्यांकडून उपकरणाने दातांची सफाई, करावे लागते. पिनेने खरवडण्याचा उद्योग कृपया करू नये.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. माझ्या सासूबाई मिसरी लावतात आणि त्यांच्या हिरड्यांतून कधीच रक्त येत नाही, याचे आश्चर्य वाटते.

उत्तर १
मिसरीत भाजलेली तंबाखू असते, आणि तंबाखूमुळे हिरड्यांचे रक्त येणे दबून आतील विकार झाकला जाऊ शकतो. त्यामुळे रक्त येत नसले तरी सासूबाईंच्या हिरड्यांच्या खाचांची खोली दंतवैद्यांकडून मोजून घ्यावी, आणि त्याच भेटीत तोंडात कुठे पांढरा चट्टा नाही ना, तेही पाहून घ्यावे.