'डेडलिएस्ट कॅच'नं झपाटलंय: बेरिंग समुद्र, खेकडे आणि बोटींबद्दल माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी,

डिस्कव्हरीवरची 'डेडलिएस्ट कॅच' ही मालिका इथे कोणी नेटाने पाहिली आहे का? अलास्काच्या पश्चिमेला बेरिंग समुद्रात ऐन हिवाळ्यात खेकडे पकडणाऱ्या बोटींवर तिचं चित्रण होतं. २००५ पासून चालू आहे, मला मात्र आत्ता सापडली. रात्री जेवणं आटोपली की मी आणि वडील बसतो आणि एक भाग म्हणता म्हणता मध्यरात्र होते. दिवसा कामातही डोक्यात तेच. म्हणून जाणकारांना काही विचारायचं आहे.

वडिलांची सगळी नोकरी हर्णै बंदरात बर्फाच्या कारखान्यात झाली. बोटींना किती बर्फ लागणार यावरून कोणाची किती दिवसांची फेरी हे ते सांगायचे. त्यामुळे मालिका बघताना त्यांचा पहिला प्रश्न होता, "अरे, ह्यांचा बर्फ कुठाय?" बर्फ नसतोच. खेकडे बोटीच्या पोटातल्या टाक्यांत, सतत खेळत्या समुद्राच्या पाण्यात जिवंत ठेवतात, कारण मेलेला खेकडा किनाऱ्यावरचा कारखाना घेत नाही. म्हणजे माल मिळाला तरी सुटका नाही, तो जिवंत पोचवेपर्यंत कप्तानाला झोप नाही. हे कळल्यापासून वडील माझ्याहून जास्त गुंतलेत.

मला सगळ्यात धरून ठेवतो तो पिंजरा वर येतानाचा मिनिटभर. डेकवरचा एक जण लोखंडी हूक फेकून बोयाचा (पिंजऱ्याची खूण म्हणून पाण्यावर तरंगणाऱ्या गोळ्याचा) दोर ओढून घेतो, दोर हायड्रॉलिक चाकावर चढतो आणि तळाशी ठेवलेली ती सात फुटी लोखंडी चौकट वर यायला लागते. रिकामीच तीनशे किलोच्या वर भरते. लाट डेकवरून धावत असताना ती झुलत आत येते, एखाद्याचा हात मध्ये सापडला तर संपलं. दार उघडतं, खेकडे टेबलावर कोसळतात. कधी टेबल भरून जातं, कधी दोनच नग. मग मापपट्टी लावून निवड. लाल किंग क्रॅबच्या कवचाची रुंदी किमान साडेसहा इंच हवी आणि तो नरच हवा. माद्या आणि लहान खेकडे लगेच पाण्यात परत. इकडे वडील मोठ्याने मोजत असतात. कप्तान वरून काचेतून बघतो आणि त्या एका आकड्यावर ठरवतो, इथेच थांबायचं की अजून वीस मैल पुढे जायचं.

आता प्रश्न.

पहिला, यातलं किती खरं? संकलनाची करामत असणारच, जाहिरातीआधी कोणीतरी ओरडतो आणि नंतर काहीच झालेलं नसतं, हे मलाही दिसतं. पण मृत्यू खरे आहेत. चित्रण सुरू झालं त्याच पहिल्या हंगामात, जानेवारी २००५ मध्ये 'बिग व्हॅली' ही बोट बुडाली. सहा जणांतला एकच वाचला. फेब्रुवारी २०१७ मध्ये 'डेस्टिनेशन' सहाही माणसांसकट गेली. थंडीत उडालेलं पाणी पिंजऱ्यांवर गोठत जातं, डेकवरच्या चळतीचं वजन वाढतं आणि बोट वरून जड होते. मोठे हातोडे घेऊन माणसं तासन्‌तास बर्फ फोडतात ते याचसाठी. आणि 'कॉर्नेलिया मेरी'चे कप्तान फिल हॅरिस! २०१० मध्ये सेंट पॉल बेटावर माल उतरवताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि दहा-बारा दिवसांत ते गेले. दोन्ही मुलगे त्याच बोटीवर कामाला होते. ते भाग बघून वडील दोन दिवस टीव्हीसमोर बसले नाहीत. तेव्हा खऱ्याखोट्याची रेघ कुठे ओढायची, हे चित्रण-संकलनात काम करणाऱ्या कोणी सांगितलं तर फार बरं होईल.

दुसरा प्रश्न हिशोबाचा आहे आणि माझ्या दृष्टीने हाच मोठा. २००५ पर्यंत तिथे शर्यत असायची. सगळ्यांची मिळून एक मर्यादा ठरलेली, ती भरली की हंगाम बंद. चार-पाच दिवसांत जे मिळेल ते तुमचं, म्हणून वादळातही बोटी बाहेर. मग प्रत्येकाला त्या मर्यादेतला ठरावीक वाटा देण्याची पद्धत आली. जीव वाचायला लागले, हे चांगलंच. पण वाटे एकत्र करून कमी बोटींवर काम भागवता यायला लागलं. अडीचशेच्या आसपास असलेल्या बोटी पहिल्याच वर्षी शंभराच्या आत आल्या आणि शेकडो डेकवाल्यांचं काम गेलं. मालिका हे दोन वाक्यांत सांगते आणि परत लाटांकडे वळते. डेकवाल्याला पगार नाही, विक्रीतला हिस्सा मिळतो, त्यातून डिझेल आणि आमिषाचा खर्च वजा. वाटा दुसऱ्याकडून भाड्याने घेतला असेल तर ते भाडं वाट्याच्या मालकाला गेल्यावर डेकवाल्याच्या हाती किती उरतं, ते सोप्या भाषेत कुठे वाचायला मिळेल?

आणि खेकडेच नाहीसे झाले त्याचं काय? स्नो क्रॅब या दुसऱ्या जातीच्या खेकड्याचा हंगाम २०२२ मध्ये इतिहासात पहिल्यांदा रद्द झाला. काही वर्षांत दहा अब्जांहून जास्त खेकडे गायब. २०२३ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या संशोधनानुसार २०१८-१९ मध्ये समुद्र तापला, उबदार पाण्यात खेकड्यांची भूक वाढली, खायला पुरेसं नव्हतं आणि ते उपासमारीनं मेले. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत त्या समुद्रात याहून मोठी घटना घडलेली नाही. यावर सविस्तर माहितीपट किंवा लेख कोणाला ठाऊक असेल तर कृपया सुचवा. इंग्रजी चालेल.

तिसरं, इथे मर्चंट नेव्हीतले बरेच जण आहेत. सिअ‍ॅटल-व्हँकुव्हरहून जपान-चीनला जाणारी जहाजं युनिमॅक खिंडीतून, म्हणजे या बोटींचं बंदर असलेल्या डच हार्बरच्या जवळून जातात. डिसेंबर २००४ मध्ये 'सेलेंडांग आयु' हे सोयाबीन घेऊन चीनकडे निघालेलं जहाज इंजिन बंद पडून उनालास्का बेटावर आदळलं आणि त्याचे दोन तुकडे झाले. सुटका करताना तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर लाटेनं पाडलं. सहा खलाशी गेले. जहाजावर आपले भारतीयही होते. तुमच्यापैकी कोणी हिवाळ्यात त्या बाजूने गेलं असेल तर जरूर लिहा. जहाजाच्या ब्रिजवरून, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथून, ह्या खेकड्यांच्या बोटी दिसतात का? एवढ्या मोठ्या जहाजावरून तो समुद्र कसा वाटतो? वडिलांना वाचून दाखवायचं आहे.

शेवटचं आपल्याकडचं. हर्णै, रत्नागिरी, मालवण, ससून डॉक... १ जून ते ३१ जुलै बंदी, मग नारळी पौर्णिमा, मग बोटी बाहेर. तांडेल, खलाशी, हल्ली खलाशांत कितीतरी नेपाळहून आलेले, ज्यांनी त्याआधी समुद्र पाहिलेलाही नसतो. त्यांच्यासोबत पूर्ण हंगाम बोटीवर राहून कोणी चित्रण केलं आहे का? कोळीगीतं आणि बंदरावरच्या मासळीचे व्हिडिओ भरपूर सापडले. मला हवंय ते बोटीवरचं रोजचं काम, जाळं ओढण्यापासून हिस्सा वाटण्यापर्यंत. कोणी तसं काही केलं असेल, अगदी मोबाईलवर घेतलेलं असलं तरी, दुवा द्या. हर्णैतल्या ओळखीच्या बोटवाल्यांना मी विचारलंय, ते म्हणतात रात्रीचं चित्रण कोणी घेत नाही, हात मोकळा नसतो.

आणि एक व्यावहारिक मदत. सुरुवातीचे हंगाम हिंदी आवाजात कुठे मिळतात? इंग्रजी वडिलांच्या कानाला झेपत नाही, मी थांबवून थांबवून सांगतो आणि तेवढ्यात पिंजरा वर आलेला असतो.

आगाऊ धन्यवाद.