केटरिंगच्या कामावर मदतनीस बाई गंभीर भाजल्या आहेत. मालकाने काय करावे?

प्रश्न (केटरिंग व्यावसायिक, सांगली)

माझा लग्नकार्यांच्या जेवणाचा छोटा व्यवसाय असून कायमची सात माणसे आहेत. लग्नसराईत वाढपी आणि मदतनीस मुकादमामार्फत रोजंदारीवर येतात. कर्मचारी राज्य विम्याची (ईएसआय) नोंदणी नाही. गेल्या आठवड्यात तासगाव रस्त्यावरील एका मंगल कार्यालयात जिलेबीचा घाणा चालू असताना भाड्याने आणलेल्या शेगडीचा एक पाय वाकला, कढई कलंडली आणि पातेले घेऊन शेजारून निघालेल्या मदतनीस बाईंच्या दोन्ही पायांवर गुडघ्याखाली कडकडीत तेल सांडले. त्या मिरजेत रुग्णालयात दाखल आहेत आणि त्वचारोपण करावे लागेल असे डॉक्टर सांगतात. घरात कमावत्या त्या एकट्याच आहेत. काही रक्कम देऊन स्टँपपेपरवर ‘यापुढे कोणतीही मागणी नाही’ असे लिहून घ्यावे, असा मुकादमाचा सल्ला आहे, पण तो मला पटत नाही. योग्य मार्ग कोणता?

उत्तर (वकील, सांगली)

तो कागद कृपया करू नका. कामगाराने आपला भरपाईचा हक्क सोडून दिल्याचे लिहून दिले तरी कायद्याच्या दृष्टीने त्याला किंमत नाही. एकरकमी तडजोड करायचीच असेल, तर तिची नोंद नुकसानभरपाई आयुक्तांकडे व्हावी लागते आणि रक्कम अपुरी वाटल्यास ते ती नोंद नाकारू शकतात.

कामावर असताना आणि कामामुळे झालेल्या इजेची भरपाई देण्याची मालकाची जबाबदारी १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेली असून आता ती सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट आहे. यात चूक कोणाची, हा प्रश्न सहसा उद्भवतच नाही. बाई रोजंदारीच्या आहेत किंवा मुकादमाने आणल्या आहेत, म्हणूनही आपण मोकळे होत नाही. भरपाई आधी आपण द्यायची आणि नंतर मुकादमाकडून, तसेच शेगडी सदोष होती हे सिद्ध झाल्यास ती भाड्याने देणाऱ्याकडून वसूल करायची, असा क्रम आहे.

उपचाराचा प्रत्यक्ष खर्च पूर्ण द्यावा लागतो. त्याशिवाय त्या कामावर येऊ शकत नाहीत तोपर्यंत दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम देय असते. म्हणजे महिन्याचे १२,००० रुपये धरले तर पंधरवड्याला ३,००० रुपये. असमर्थता २८ दिवस किंवा त्याहून अधिक टिकली, तर ही रक्कम अपघाताच्या दिवसापासून मोजतात. पायांत कायमचे अपंगत्व राहिल्यास कमाईची क्षमता किती घटली हे डॉक्टर प्रमाणित करतात आणि त्यानुसार वेगळी भरपाई ठरते. देय रक्कम महिनाभर थकली, तर १२ टक्के व्याज लागते आणि दंडही होऊ शकतो. म्हणून पैसे आतापासूनच बाईंच्या बँक खात्यात भरत जा, रोख देऊ नका.

उत्तर (परिचारिका, मिरज)

वकीलसाहेबांनी कायद्याची बाजू सांगितली. मी उपचारांविषयी लिहिते. रुग्णालय महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आहे का, हे तेथील आरोग्यमित्राला आजच विचारा, कारण भाजलेल्या रुग्णांचे उपचार या योजनेत येतात आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. रेशनकार्ड आणि आधारकार्ड त्यांच्या घरून मागवून घ्या.

त्वचारोपण झाले म्हणजे सगळे आटोपले असे मात्र समजू नका. घोट्याजवळची कातडी आक्रसली, तर पाऊल नीट टेकत नाही, म्हणून कित्येक महिने व्यायाम करावा लागतो आणि दाब देणारे मोजे वापरावे लागतात. घरी गेल्यावर या गोष्टींवर पैसे खर्च करायला घरचे कचरतात आणि पाय तसाच राहतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. तो खर्च कृपया आपण उचला.

इतर केटरर वाचत असतील, त्यांच्यासाठीही लिहिते. भाजलेल्या भागावर नळाचे साधे वाहते पाणी वीस मिनिटे सोडा. पैंजण, जोडवी लगेच काढा, पण चिकटलेले कापड ओढू नका. हळद, टूथपेस्ट, बर्फ यांपैकी काहीही लावू नका आणि १०८ ला फोन करा.

उत्तर (केटरर, कराड)

ती शेगडी परत केली नसेल, तर अजिबात करू नका. दुकानदार पाय वेल्डिंग करून ती पुढच्या कार्याला पाठवील आणि आपल्या हातातला पुरावा जाईल. वाकलेल्या पायाचे, जुन्या जोडाचे आणि भाड्याच्या पावतीचे फोटो काढून ठेवा. रुग्णालयातून पोलिसांना कळवले गेले असेलच. जबाबात जे घडले तेच सांगा आणि त्या वेळी भट्टीजवळ असलेल्या आचाऱ्यालाही तेच सांगायला सांगा.

आम्ही रोजंदारीवरच्या माणसांसह सर्वांची कर्मचारी भरपाई पॉलिसी घेतो. ती घेताना उपचारखर्चाचे कलम आहे का, हे नीट वाचावे, कारण पुष्कळदा ते वेगळे पैसे भरून जोडून घ्यावे लागते. तळणाची कढई आता उंच तिकाटण्यावर न ठेवता जमिनीलगतच्या बुटक्या भट्टीवर, भिंतीच्या बाजूला ठेवतो आणि तळणारा व त्याचा जोडीदार यांच्याशिवाय तिकडे कोणालाही जाऊ देत नाही.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा आभारी आहे. शेगडी अजून माझ्या गोदामातच आहे. बाईंच्या मुलीकडून खाते क्रमांक घेतला असून पहिली रक्कम उद्या भरतो. आरोग्यमित्राला भेटायलाही उद्या सकाळीच मिरजेला जात आहे.