पास झाल्या झाल्या क्रिटिकल केअर? आधी सक्शन नीट करायला शिका

गोल्डन_अवर

परवा या फोरमवर एका उत्साही मुलानं सल्ला दिला: ईएमटीची (ॲम्ब्युलन्सवरच्या तंत्रज्ञाची) पदवी हातात पडली की रस्त्यावरच्या ॲम्ब्युलन्समध्ये वर्षं घालवू नका, लगेच क्रिटिकल केअर ट्रान्सपोर्टचं, म्हणजे आयसीयूतले पेशंट हलवण्याचं, प्रशिक्षण घ्या, एअर ॲम्ब्युलन्सला लागा, पगार बघा. खाली अंगठ्यांची रांग. तिथं उत्तर लिहायला घेतलं ते मावेना, म्हणून वेगळा धागा.

मुलांनो, क्रिटिकल केअर म्हणजे व्हेंटची (व्हेंटिलेटरची) बटणं नव्हेत. आयसीयूतला पेशंट, श्वासनलिकेत नळी टाकलेली, दोन-तीन सिरिंज पंप, ब्लड प्रेशर टिकवणारं नॉरॲड चालू, आणि समोर आंबा घाट. रत्नागिरीहून कोल्हापूर. वळणावर सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) पडायला लागलं. नळी सरकली, की कफानं तुंबली, की छातीत हवा भरली, की मशीनच रुसलं? ही चार कारणं सगळ्यांना पाठ असतात, पेपरात लिहून मार्कही घेतलेले असतात. पण आधी व्हेंट सोडवून अंबू (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) हातात घ्यायचा, हे ज्याच्या हाताला माहीत नाही तो मॉनिटरकडे बघत बसतो. हात तयार होतो साध्या केसेसवर. फिट आलेला, दारू पिऊन पडलेला, अडलेली बाळंतीण, हायवेचा अपघात. दारातूनच पेशंटकडे बघून 'हा हातचा जाणार' हे ओळखायला खूप पेशंट बघावे लागतात. मॅनिकिनला घाम फुटत नाही.

हृदय बंद पडलं तर काय करायचं त्याचं दोन दिवसांचं एसीएलएस करून, दोन वर्षं चालणारं कार्ड खिशात घालून स्वतःला 'क्रिटिकल केअर स्पेशालिस्ट' म्हणवणारेही पाहिले. एकाला विचारलं, ऑक्सिजनचा भरलेला बी टाइप सिलिंडर मिनिटाला दहा लिटरवर किती वेळ पुरेल? गप्प. (दीड हजार लिटर असतो. भागाकार करा आणि घाटाचा वेळ आठवा.)

आधी दोन वर्षं गाडी, मग कोर्स.

बंड्या_ईएमटी

तो उत्साही मुलगा मीच. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं, दादा.

तुमच्या म्हणण्यात एक गृहीत आहे: गाडीवर शिकायला मिळतं. कुठल्या गाडीवर? सरकारी सेवेत मागं डॉक्टर बसतो, त्यामुळे माझ्यासारख्याला तिथं जागाच कमी. खाजगीत गेलो तर स्ट्रेचर ओढायचं, ऑक्सिजन लावायचा, फॉर्म भरायचा आणि नातेवाइकांच्या शिव्या खायच्या. दोन वर्षं हे केलं तर स्ट्रेचर ओढण्यात तरबेज होईन.

आणि पेशंट माझी दोन वर्षं भरायची वाट बघतात का? गेल्या पावसाळ्यात एका खाजगी हॉस्पिटलनं व्हेंटवरचा पेशंट रेफर केला. सोबत कोण? मी. 'कोणीतरी पाहिजे ना बरोबर' एवढीच पात्रता. तेव्हा कोणी नाही म्हणालं की हा नवीन आहे, याला नको. म्हणजे काम क्रिटिकल केअरचं द्यायचं आणि प्रशिक्षण मागितलं की अनुभव विचारायचा. वा.

वैद्य_गाडीवरचा

'मागं डॉक्टर बसतो' हे जरा जपून. २६ जानेवारी २०१४ ला महाराष्ट्रात १०८ सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ ॲडव्हान्स्ड. एवढ्या गाड्यांवर चोवीस तास माणसं कुठून आणणार होतात? तेव्हा पॅरामेडिक होते किती? आम्ही बीएएमएसवाले आलो म्हणून गाड्या हलल्या. आता दहा वर्षांनी तुमच्या बॅचेस बाहेर पडतात आणि आम्ही जागा अडवली म्हणता.

खडूस_काका

विषय निघालाच आहे तर बोलतो. शेजारच्या गुजरातेत २००७ पासून १०८ वर ईएमटी काम करतात. आंध्रात त्याही आधीपासून. तिथं लोक मरून पडलेत का? आपल्यालाच हा डॉक्टरी सोस. त्यात होमिओपॅथीवाले. एक वर्षाचा सीसीएमपी हा औषधशास्त्राचा कोर्स केला की ॲलोपॅथीची औषधं लिहायला मोकळे. आधी हे बंद करा, मग पोरांना अनुभवाची प्रवचनं द्या.

वैद्य_गाडीवरचा

सीसीएमपीचा आणि गाडीचा काय संबंध, काका? आणि गाडीवर डॉक्टर ही आपलीच खुळचट कल्पना असेल तर फ्रान्सला पण कळवा. तिथंही गंभीर केसला डॉक्टरच जातो. लंडनच्या एअर ॲम्ब्युलन्समध्ये डॉक्टर आणि पॅरामेडिक जोडीनं जातात.

खडूस_काका

फ्रान्सच्या गाडीतला डॉक्टर इमर्जन्सी मेडिसिन शिकलेला असतो. तुमच्या गाडीतला कालपर्यंत पंचकर्म करत होता. तुलना कुठं करताय?

वैद्य_गाडीवरचा

तोंड सांभाळा. आदिवासी पट्ट्यात मी गाडीत बाळंतपणं केलीत, एकदा नाळ मानेभोवती होती. तुम्ही तेव्हा घरी टीव्ही बघत असाल. पंचकर्म म्हणून हिणवायचं आणि रात्री दोनला छातीत दुखलं की त्याच गाडीला फोन लावायचा.

नाईट_ड्युटी

पुरुषमंडळींची डिग्र्यांची मोजदाद झाली असेल तर आयसीयूच्या दारातून थोडं सांगते.

गाडीतून येणारा बीएएमएस आहे की ईएमटी, रात्री तीनला मला फरक पडत नाही. मला विचारायचं असतं: नॉरॲड कुठल्या डायल्यूशनचं, किती एमएलवर चालू, शेवटचं ब्लड प्रेशर किती, नळी ओठाशी किती सेंटिमीटरला फिक्स केलीय. उत्तर मिळतं 'सिस्टर, पेपरमध्ये आहे'. पेपरमध्ये पेशंटचं नाव पण चुकलेलं. एकदा पंपाची बॅटरी संपून प्रेशर साठला आलेलं, आणि सोबतचा माणूस सांगत होता 'मघाशी ठीक होतं'. मघाशी म्हणजे कधी?

बंड्या, तुझ्या अर्ध्या म्हणण्याला माझा पाठिंबा. कोर्स कर. पण एखाद्या आयसीयूत येऊन महिनाभर नाईट काढ. पंप लावायला, नळी फिक्स करायला, सक्शन करायला (नळीतला कफ ओढायला) शिकवणारी माणसं आम्हीच आहोत. इथं तुम्ही लोक आमच्याशी दारापर्यंतच बोलता.

ब्रिस्बेनकर

इथल्या पद्धतीबद्दल थोडं. ऑस्ट्रेलियात २०१८ च्या डिसेंबरपासून पॅरामेडिकला राष्ट्रीय नोंदणी लागते. पदवीनंतर नवा माणूस आधी सीनियरच्या हाताखाली काम करतो. क्रिटिकल केअर पॅरामेडिक ही वेगळी पायरी, तिला रस्त्यावरचा अनुभव आणि पुढचं पदव्युत्तर शिक्षण लागतं. पदवीवरून थेट उडी कोणी मारत नाही. गोल्डन अवर यांचं बरोबर आहे.

बंड्या_ईएमटी

ब्रिस्बेनदादा, 'सीनियरच्या हाताखाली' हेच तर मागतोय मी! तुमच्याकडे त्या वर्षात शिकवायला माणूस नेमलेला असतो. आमच्याकडे सीनियर म्हणजे माझ्या सहा महिने आधी लागलेला पोरगा, तोही आता गल्फच्या परीक्षेच्या मागे. तुमचा नियम उचलून आणता, त्याच्याखालचा जिना तिकडेच ठेवता.

खडूस_काका

तिकडे बसून सल्ले द्यायला काय जातं. इंग्रजीची परीक्षा पास करून गेलात, इथल्या गाडीत आता कोण आहे?

ब्रिस्बेनकर

गाडीत मी सहा वर्षं होतो, काका. गेलो कारण गेलेल्या पेशंटच्या नातेवाइकांनी कॉलर धरली आणि आमच्या बाजूनं कोणी आलं नाही. असो.

सारथी

मी पायलट, म्हणजे ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. डिग्री नाही, त्यामुळे मध्ये बोललो तर माफी.

गोल्डन अवर साहेबांनी घाटाचा वेळ विचारला. दहा लिटरला तो छोटा सिलिंडर अडीच तास पुरतो. रत्नागिरी ते कोल्हापूर पावसात तीन तासांच्या वर जातात, आणि साखरप्याच्या पुढं ट्रक अडकला तर विचारू नका. निघताना मागं जाऊन मोठा सिलिंडर भरलाय का ते काटा बघून येणारा मीच असतो. मागचा माणूस, डॉक्टर असो की ईएमटी, शंभरातले नव्वद म्हणतात 'दामट'. व्हेंटवरच्या पेशंटला दामटायचं नसतं, ब्रेक मारला की नळी ओढली जाते, हे मला एका सिस्टरनं सांगितलं, कुठल्या कोर्सनं नाही. तुमच्या क्रिटिकल केअरमध्ये ड्रायव्हरला बसवता का कधी?

नाईट_ड्युटी

सारथी, माफी कशाला. इथं काटा बघणारे तुम्ही एकटेच दिसता.

गोल्डन_अवर

दोन दिवस फिरकलो नाही तर धाग्याचा पार कुंभमेळा. वैद्य आणि काका, तुमची कुस्ती वेगळ्या आखाड्यात न्या. मी गाडीवर कोण असावं यावर लिहिलंच नव्हतं.

बंड्या, जिन्याचं तू म्हणालास ते... ठीक आहे. इथं 'दोन वर्षं गाडी' म्हणजे दोन वर्षं शिकवणारा माणूस, असं होत नाही. एवढं मान्य. खूश? पण त्यावरचा उपाय लाखभर रुपये फी भरून प्रमाणपत्र आणणं हा नाही. ज्या कोर्समध्ये आयसीयू आणि ऑपरेशन थिएटरची पोस्टिंग लेखी देत नाहीत, तो कोर्स एसी हॉलमधलं व्याख्यान आहे. आणि एअर ॲम्ब्युलन्स डोक्यातून काढ. तिथं अनुभव मागतातच.

बंड्या_ईएमटी

खूश कसला. पाच दिवसांपूर्वी मी हेच लिहिलं होतं, 'प्रशिक्षण पाहिजे'. तुम्ही 'प्रमाणपत्र' वाचलंत.

ताई, ती आयसीयूतली नाईट खरंच मिळते का? विनापगार चालेल. २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर कायद्याच्या यादीत इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट आहे, म्हणून ओळखपत्रावर 'वॉर्डबॉय' लिहू नये एवढंच.

नाईट_ड्युटी

मिळते. मेडिकल सुपरिटेंडेंटच्या नावानं कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र आण, हिपॅटायटिस बीचे डोस पूर्ण झाल्याचा कागद जोड. पहिल्या रात्री फक्त सक्शन करायचं. कंटाळलास तर गोल्डन अवर जिंकले.

खडूस_काका

सीसीएमपीबद्दल कोणी उत्तर दिलं नाही, याची नोंद घ्यावी.