ध्यानीमनी नसताना लाभलेला आनंद

प्रश्न: वडिलांचा जुना कोट धुवायला देण्यापूर्वी खिसे तपासले, तेव्हा १९८७ सालचे, घडीवर विरलेले एसटीचे तिकीट आणि आईने पेन्सिलीने लिहिलेली वाणसामानाची यादी हाती आली. असा अनपेक्षित आनंद आपणांस कधी लाभला आहे का?

उत्तर १: हरिश्चंद्रगडावर आम्ही केवळ कोकणकडा पाहण्यासाठी गेलो होतो, परंतु साधारण सात वर्षांतून एकदा फुलणारी कारवी नेमकी त्याच सप्टेंबरात बहरली आहे, हे वाटेत दोन्ही बाजूंनी दाटलेल्या जांभळ्या झुडपांमुळेच कळले. कडा मात्र धुक्यात दिसलाच नाही!

उत्तर २: कोकणातील वेळासच्या किनाऱ्यावर दोन दिवस कासवाचे एकही पिल्लू न दिसल्याने आम्ही बॅगा भरल्या होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी कासव संवर्धनाच्या कार्यकर्त्याने घरट्यावर झाकलेली टोपली उचलली आणि तिच्याखाली ऑलिव्ह रिडले कासवांची तळहातावर मावतील एवढी अकरा पिल्ले वाळू झटकत वळवळत होती. आमची परतीची एसटी अर्थातच चुकली.

उत्तर ३: त्या यादीत काय होते, हे कृपया सांगावे.

प्रश्नकर्ता: पाव किलो खोबरे, गूळ, काड्यापेटी आणि सर्वांत खाली, दोनदा अधोरेखित केलेले, ‘तुमच्यासाठी चप्पल’.