भागीदारीची नोंदणी राहिली असताना विवरणपत्राचे काय?

प्रश्न : आमचे भागीदारीपत्र झाले आहे, फर्मची नोंदणी मात्र बाकी आहे आणि पहिले वर्ष तोट्यात गेले. नोंदणी होईपर्यंत आयकर विवरणपत्र थांबवता येईल का?

उत्तर : कृपया थांबवू नका. तोटा असला तरी फर्मला विवरणपत्र भरावेच लागते, आणि ते मुदतीत न भरल्यास व्यवसायातील तोटा पुढील वर्षांत ओढता (म्हणजे त्या वर्षांच्या नफ्यातून वजा करता) येत नाही. आयकरासाठी निबंधकाकडील नोंदणी नव्हे, तर भागीदारांचे हिस्से नमूद केलेले लेखी भागीदारीपत्र आणि फर्मचा स्वतंत्र पॅन लागतो.

दुसरे उत्तर : तरीही नोंदणी लांबवणे धोक्याचेच. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ६९ नुसार, नोंदणी नसलेल्या फर्मला थकलेल्या बिलासाठी ग्राहकावर करारावर आधारित दावा सहसा लावता येत नाही.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. विवरणपत्र आधी भरतो, नोंदणीचा अर्जही लगेच करतो.