मदत हवी आहे : उष्णतेची लाट लांबते ती एकाच थांबलेल्या लहरीमुळे, की एकामागून एक येणाऱ्या लहरींमुळे?

नमस्कार मंडळी,

रॉसबी लहरींबद्दल (उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांना पडणारी हजारो किलोमीटर लांबीची नागमोडी वळणं) वाचताना एका ठिकाणी अडलोय. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

उष्णतेची लाट सुरू कशी होते ते कळलं. उष्ण कटिबंधात कुठे जोराचा पाऊस सुरू झाला, की बाष्पाचं पाणी होताना सुटणारी उष्णता वरच्या थरातली हवा ढवळते, जेट प्रवाहाला (उंचावरच्या वेगवान पश्चिमी वाऱ्यांच्या पट्ट्याला) वळणं पडतात आणि हजारो किलोमीटरवर एखाद्या वळणाखाली उच्चदाब बसतो. तिथे खाली उतरणारी हवा दाबली जाऊन तापते, ढगही टिकत नाहीत.

पण हा उच्चदाब मुक्काम का ठोकतो? हवामानशास्त्रज्ञ रॉसबी यांच्या १९३९ च्या सूत्रानुसार लहर पश्चिमेकडे सरकू पाहते आणि पश्चिमी वारे तिला पूर्वेला ढकलतात. दोन्ही वेग जुळले की ती जागीच उभी राहते. मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं : लहर थांबली तरी तिची ऊर्जा पूर्वेकडे वाहतच असते. म्हणजे दूरचा स्रोत चालू आहे तोवर उच्चदाबाला रसद मिळत राहणार.

दुसरी शक्यता अशी, की लहरी पुढे जातच असतात, पण प्रत्येक नवं वळण पुन्हा त्याच प्रदेशावर येतं. नुसत्या रोजच्या तापमानावरून हा फरक कसा ओळखायचा? जून २०२१ च्या अखेरीस कॅनडातल्या लिटनला पारा ४९.६ अंशांवर गेला, पण ती लाट फार लांबली नाही. २०१० मध्ये पश्चिम रशिया मात्र ऑगस्टच्या मध्यापर्यंत भाजत राहिला. तिथे जमीनही कोरडी पडली होती, आणि ओलावा संपला की उन्हाची बरीचशी ऊर्जा थेट हवा तापवते.

ईआरए५ या जागतिक हवामान-विदेमधला २५० हेक्टोपास्कलवरचा (साधारण दहा किलोमीटर उंचीवरचा) दक्षिणोत्तर वारा घेऊन होवमोलर आकृती (एका अक्षावर रेखांश, दुसऱ्यावर वेळ) काढतोय. ३५ ते ६५ अक्षांशांची सरासरी घेतली तर लहरींच्या रेघा पुसट होतात. पट्टा अरुंद केला तर जेट प्रवाह उत्तरेला सरकताच लहर आकृतीतून गायब होते. असा पट्टा कसा ठरवतात? रोज जेटच्या जागेनुसार तो हलवणं योग्य आहे का?

आणि हवामानाचं संगणकीय प्रारूप न चालवता, फक्त याच विदेवरून, कोरड्या जमिनीचा वाटा दूरच्या लहरींपासून वेगळा काढता येतो का? कुणी केलं असेल तर पद्धत सविस्तर सांगा.